धुरावर चालणारा भाता
टर्बो इंजिन जोर कुठून आणतं आणि त्याची निगा कशी राखावी



गावात आता बैलगाडीपेक्षा पिकअप जास्त दिसते. कुणाच्या दारात जीप आहे, कुणाच्या दारात डिझेलची मोटार, कुणाकडे मोठा ट्रॅक्टर. या नव्या डिझेल गाड्यांपैकी बहुतेकांच्या इंजिनाला टर्बो बसवलेला असतो. मोठ्या ट्रॅक्टरांपैकी अनेकांनाही तो असतो. ट्रकच्या पाठीवर रंगवलेला 'टर्बो' हा शब्द तर आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत.

पण हा टर्बो करतो काय, असं विचारलं तर "जोर वाढवतो" एवढंच उत्तर मिळतं. उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. जोर कुठून येतो, कधी मिळतो आणि कधी मिळत नाही, हे ठाऊक नसलं की दोन प्रकारे नुकसान होतं. एक तर घाटात किंवा पुढची गाडी ओलांडताना ऐन वेळी गाडी मागं पडते आणि जिवावर बेतते. दुसरं म्हणजे साध्या हयगयीनं टर्बो निकामी होतो, भर हंगामात गाडी गॅरेजला उभी राहते आणि तोडलेला माल जागेवर नासतो. दोन्ही टाळता येण्यासारखं आहे. त्यासाठी टर्बोचं काम एकदा नीट समजून घेऊ या.

इंजिनाची खरी भूक हवेची

चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकर मारली नाही, तर जाळ होत नाही, नुसता धूर होतो. इंजिनाचंही तसंच आहे. आपण डिझेलचा हिशेब ठेवतो, कारण त्याचे पैसे मोजावे लागतात. हवा फुकट असते म्हणून तिचा हिशेब कुणी ठेवत नाही. पण हिशेब असा आहे की 1 किलो डिझेल पुरतं जाळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते. लिटरमध्ये सांगायचं तर 1 लिटर डिझेलला सुमारे 10 हजार लिटर हवा. आपल्याकडचं 200 लिटरचं पिंप घ्या. अशी 50 पिंपं भरून हवा, तेव्हा कुठं 1 लिटर डिझेल जळतं. आणि काळा धूर नको असेल, तर डिझेल इंजिनाला याहूनही जास्त हवा द्यावी लागते.

आता ही हवा आत येते कशी? साध्या इंजिनात पिस्टन खाली सरकतो आणि पंपाच्या दट्ट्यासारखी हवा ओढून घेतो. इंजिन मिनिटाला 3 हजार फेरे फिरत असेल, तर एका ओढीला सेकंदाचा शंभरावा भाग एवढाच वेळ मिळतो. एवढ्या वेळात सिलिंडर काठोकाठ भरत नाही. हवा कमी, म्हणून डिझेलही कमीच द्यावं लागतं. जास्त दिलं तर ते न जळता काळ्या धुराच्या रूपानं बाहेर पडतं.

म्हणजे जोर वाढवायचा तर दोन वाटा आहेत. एक, सिलिंडर मोठा करायचा. मग इंजिन जड होतं आणि रिकामी गाडी चालवतानाही जास्त डिझेल पितं. दुसरी वाट लोहाराची. लोहार भट्टी मोठी करत नाही, तो भाता मारतो. टर्बो म्हणजे इंजिनाचा भाता.

हा भाता ओढतो कोण?

लोहाराचा भाता माणूस ओढतो. इंजिनाचा हा भाता त्याच इंजिनाचा धूर फिरवतो. यातच टर्बोची सगळी करामत आहे.

डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग चाकं फिरवायला मिळतो. एक तृतीयांशाच्या आसपास रेडिएटरमधून आणि इंजिनाच्या अंगावरून निघून जातो. उरलेला तिसरा हिस्सा तापलेल्या धुराबरोबर सायलेन्सरमधून वाया जातो. भरल्या गाडीनं चढ चढताना डिझेल इंजिनाचा हा धूर 700 अंश सेल्सिअसच्या घरात तापलेला असतो आणि जोरानं बाहेर धावत असतो.

या धुराच्या वाटेत एक छोटी फिरकी बसवतात. ओढ्याच्या पाण्यावर पाणचक्की फिरते, तशी ही फिरकी धुराच्या झोतावर फिरते. तिला टर्बाइन म्हणतात. तिच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरी फिरकी असते. ती बाहेरची स्वच्छ हवा मधोमध ओढते आणि कडेला फेकून दाबते. पाठीवरच्या फवारणी यंत्राचा पंखा हवा फेकतो, तशातलाच हा प्रकार. या दुसऱ्या फिरकीला कॉम्प्रेसर म्हणतात. एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला हवा आणि मध्ये एकच दांडा. धूर आणि हवा एकमेकांत मिसळत नाहीत.

वेग ऐकून नवल वाटेल. आपल्या विहिरीवरची विजेची मोटर मिनिटाला सुमारे 2,900 फेरे फिरते. टर्बोचा दांडा मिनिटाला एक ते दोन लाख फेरे फिरतो. साडेचार सेंटिमीटरची फिरकी 1 लाख 80 हजार फेऱ्यांनी फिरत असली, तर तिच्या पात्याचं टोक सेकंदाला 400 मीटरहून जास्त अंतर कापतं. म्हणजे आवाजापेक्षाही वेगानं. हा आकडा लक्षात ठेवा. निगा कशी राखायची हे सांगताना तो पुन्हा लागेल.

दाबलेली हवा तापते, म्हणून ती निववायची

सायकलीच्या ट्यूबमध्ये हवा भरताना पंपाचं बूड गरम होतं, हे प्रत्येकानं अनुभवलं आहे. टर्बोमध्येही तसंच होतं. बाहेरची हवा 35 अंशांची असेल आणि टर्बोनं तिचा दाब दुप्पट केला, तर ती सुमारे 130 अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा विरळ होते. म्हणून दाब दुप्पट झाला तरी सिलिंडरमध्ये जाणारी हवा दुप्पट होत नाही, ती दीडपटच भरते.

यावर उपाय म्हणजे इंटरकूलर. दिसायला तो रेडिएटरचा धाकटा भाऊ. टर्बोतून निघालेली गरम हवा याच्या नळ्यांतून जाते आणि बाहेरच्या वाऱ्यानं निवते. तीच हवा 60 अंशांपर्यंत निवली, तर सिलिंडरमध्ये दीडपटीऐवजी जवळजवळ पावणेदोनपटीहून जास्त हवा मावते. ट्रकवर 'टी.सी.आय.सी.' अशी अक्षरं दिसतात, त्यांचा अर्थ हाच: टर्बो आहे आणि इंटरकूलरही आहे.

टर्बोनं दिलेल्या या जादा दाबाला मेस्त्री 'बूस्ट' म्हणतात. तो टायरच्या हवेसारखाच पौंडात मोजतात. मोटारीच्या टायरमध्ये आपण तीस-बत्तीस पौंड हवा भरतो. डिझेल मोटारीचा टर्बो भरल्या जोराला साधारण 15 ते 22 पौंड दाब देतो. पण टायर एकदा भरला की झालं. इथं हवा अखंड वाहत असते.

एकाच इंजिनाचं उदाहरण

पुण्याच्या कारखान्यात तयार होणारी टाटांची इंडिका 1998 साली आली आणि 2018 साली बंद झाली. तिचं डिझेल इंजिन 1,405 सी.सी.चं. सुरुवातीच्या इंडिकात ते बिनटर्बोचं होतं आणि सुमारे 53 अश्वशक्ती देत होतं. पुढं त्याच मापाच्या इंजिनाला टर्बो आणि इंटरकूलर लावला, तेव्हा ते सुमारे 70 अश्वशक्ती देऊ लागलं. चाकाला मिळणारा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, तो तर दीडपटीहून जास्त वाढला. सिलिंडर तेवढेच, पिस्टनचा फेरा तेवढाच. फरक पडला तो हवेचा आणि त्या हवेच्या जोडीनं देता आलेल्या डिझेलचा.

इथं एक गैरसमज दूर करू. टर्बो स्वतः जोर तयार करत नाही. जोर डिझेलचाच असतो. टर्बो फक्त जादा डिझेल नीट जळेल एवढी हवा पुरवतो. म्हणून भरली गाडी रेटाल तर टर्बोची गाडीही डिझेल पिणारच.

जोर उशिरा का येतो?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. टर्बो धुरावर चालतो. धूर निघायला आधी डिझेल जळायला हवं, आणि जास्त डिझेल जळायला आधी हवा हवी. म्हणजे कोंबडी आधी की अंडं आधी, असा हा मामला आहे. तुम्ही पाय दाबता, थोडं जादा डिझेल जळतं, थोडा जादा धूर निघतो, फिरकीचा वेग थोडा वाढतो, थोडी जादा हवा येते, मग आणखी डिझेल देता येतं. सावकाराचं चक्रवाढ व्याज जसं आधी सावकाश आणि मग झपाट्यानं वाढतं, तसा हा जोर वाढतो. पाय दाबल्यापासून भरपूर जोर येईपर्यंत एखाद-दोन सेकंद जातात. इंजिन अगदी कमी फेऱ्यांवर असेल, तर त्याहूनही जास्त. यालाच 'टर्बो लॅग' म्हणतात. हा गाडीतला दोष नाही, टर्बोचा स्वभाव आहे.

हा स्वभाव ओळखून गाडी कशी चालवायची ते पाहा.

रत्नागिरीकडून आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढायचा आहे, असं धरा. वरच्या गिअरमध्ये गाडी रडतखडत ओढत नेली, इंजिन हजार-बाराशे फेऱ्यांवर धापा टाकू लागलं, की धूर कमी, फिरकी मंद आणि हवाही कमी. अशा वेळी पाय कितीही दाबा, गाडी उचल खात नाही. चढाच्या आधीच एक गिअर खाली घ्या. बहुतेक लहान डिझेल गाड्यांचा जोर 1,500 ते 2,500 फेऱ्यांच्या दरम्यान चांगला मिळतो. इंजिन त्या पट्ट्यात ठेवा. गाडी हलकी चढते आणि काळा धूरही पडत नाही.

पुढची गाडी ओलांडताना तर हे फार जपा. ट्रकच्या मागं चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये रेंगाळत असाल आणि समोर रस्ता मोकळा दिसताच नुसता पाय दाबून बाहेर आलात, तर पहिले दोन सेकंद गाडी जवळजवळ तशीच राहते. ताशी 60 किलोमीटरनं येणारी समोरची गाडी तेवढ्या वेळात 33 मीटर जवळ येते. म्हणून आधी गिअर खाली, इंजिनाचे फेरे वर, रस्त्याची पुन्हा एकदा खात्री आणि मगच बाहेर. जोर जाग्यावर आहे हे पायाला कळल्याशिवाय ट्रकच्या बरोबरीला जाऊ नका.

आणखी एक गोष्ट. डिझेल गाडीचा बूस्ट नुसत्या फेऱ्यांवर नाही, ओझ्यावर चढतो. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचं इंजिन घुमवलं तर ओझं नाही, डिझेल थोडं, धूर थोडा. त्यामुळे जागेवर घुं-घुं करून टर्बोची परीक्षा होत नाही. परीक्षा भरल्या गाडीनं चढावरच होते.

जोराला वेसण

चक्रवाढ व्याजाला कुठंतरी थांबवावं लागतं, नाहीतर दाब वाढतच जाईल आणि इंजिन फुटेल. त्यासाठी टर्बाइनच्या बाजूला एक दार असतं. त्याला 'वेस्टगेट' म्हणतात. पाटाला पाणी जास्त झालं की आपण बाजूचं दार मोडून पाणी सोडून देतो ना, तसंच हे. टर्बोला लागून डबीसारखा एक भाग दिसतो, त्यातून एक बारीक दांडी निघते. बूस्ट ठरल्याइतका झाला की तोच दाब डबीतला पडदा ढकलतो, दांडी सरकते आणि दार उघडतं. मग काही धूर फिरकीला वळसा घालून परस्पर सायलेन्सरकडे जातो. काही गाड्यांत हे दार संगणकाच्या हुकमानं उघडतं.

बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत याहून वेगळी रचना असते. टर्बाइनभोवती छोट्या हलत्या पट्ट्यांचं कडं असतं. बागेच्या नळीच्या तोंडावर बोट धरलं की तेवढंच पाणी लांब उडतं. त्याच तत्त्वावर, धूर कमी असताना या पट्ट्या जवळ येतात, वाट अरुंद करतात आणि थोडा धूरही फिरकीवर जोरानं आदळतो. धूर वाढला की पट्ट्या वाट रुंद करतात. त्यामुळे कमी फेऱ्यांवरही जोर लवकर येतो. मात्र या पट्ट्यांवर काजळी साचली की त्या अडकतात. मग गाडीतला दिवा लागतो, संगणक डिझेल आखडून देतो आणि गाडी लंगडल्यासारखी चालते. तेव्हा ओढाताण न करता गाडी जाणत्या मेस्त्रीला दाखवा.

युक्ती जुनी, धडाही जुना

धुरावर भाता चालवण्याची ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची. तिचं पेटंट त्यांनी 1905 साली घेतलं. पुढं 1920 नंतरच्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो बसवला, तेव्हा 1,750 अश्वशक्तीचं इंजिन 2,500 अश्वशक्ती देऊ लागलं. विरळ हवेतही त्याचा उपयोग दिसून आला. सॅनफर्ड मॉस या अमेरिकी इंजिनिअरनं 1918 साली विमानाचं इंजिन पाइक्स पीक या 14 हजार फुटांच्या डोंगरावर नेऊन टर्बो तपासला होता. तिथल्या पातळ हवेत बिनटर्बोचं इंजिन मलूल होई, टर्बो लावला की पुन्हा सपाटीवरचा जोर देई.

मोटारगाडीत टर्बो आला तो 1962 साली, अमेरिकेत. त्यातली ओल्डस्मोबिल कंपनीची जेटफायर ही गाडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती पेट्रोलवर चाले. पेट्रोल इंजिनात दाबलेली गरम हवा आली की पेट्रोल वेळेआधीच भडकून इंजिन ठोके देतं. ते टाळायला पाणी आणि मद्यार्काचं मिश्रण एका वेगळ्या टाकीतून सोडलं जाई. मालकांनी फक्त ती टाकी भरत राहायची होती. पण पुष्कळ मालक ती भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की गाडी जोर आखडता घेई आणि लोक तक्रार करत. ही गाडी दोनच वर्षं तयार झाली. शेवटी कंपनीला गाड्यांचे टर्बो काढून देण्याची वेळ आली. आजच्या पेट्रोल टर्बो गाड्यांत हे काम संगणक सांभाळतो. पण धडा आजही तोच आहे: टर्बो चांगला असून भागत नाही, मालकाची निगा हवी.

तीन गोष्टी सांभाळा: तेल, हवा आणि धीर

तेल. टर्बोचा दांडा छऱ्यांवर नव्हे, तर बहुतेक गाड्यांत तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेच तेल त्याला थंडही ठेवतं. एक-दोन लाख फेऱ्यांच्या वेगात हे तेल काही क्षण जरी तुटलं, तरी दांडा घासतो. म्हणून इंजिन ऑईल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचंच घाला. ठरलेल्या किलोमीटरला बदला आणि सोबत ऑईल फिल्टरही बदला. "अजून काळं दिसत नाही" हा हिशेब चालत नाही. डिझेल गाडीचं तेल काळं होतंच, रंगावरून त्याची पारख होत नाही. पातळी मात्र आठवड्यातून एकदा, गाडी सपाटीवर उभी करून, पट्टी काढून पाहा.

हवा. पात्यांच्या टोकाचा वेग आवाजापेक्षा जास्त असू शकतो, हे वर सांगितलं. त्या वेगात आलेला वाळूचा कण छर्‍यासारखा लागतो. पात्याची धार झिजते, तोल जातो आणि तोल गेला की दांडा गेला. ऊसतोडीच्या धुळीत, मळणीच्या भुसकटात, कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीपेक्षा लवकर पाहावा लागतो. कागदी फिल्टर दगडावर आपटून झाडू नका, पाण्यानं धुऊ नका. फाटला तर धूळ थेट आत जाते. फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या रबरी नळीला चीर नाही ना, पट्ट्या घट्ट आहेत ना, हेही पाहा. फिल्टरशिवाय इंजिन एक मिनिटही चालवू नका.

धीर. सकाळी गाडी सुरू केल्या केल्या पाय दाबू नका. तेल टर्बोपर्यंत पोचायला अर्धा-एक मिनिट द्या आणि पहिले दोन-तीन किलोमीटर बेतानं चालवा. तसाच धीर बंद करताना हवा. भरली गाडी घाट चढून आली आणि लगेच किल्ली बंद केली, तर तेलाचा पंप थांबतो. तापलेल्या टर्बोत अडकलेलं तेल तिथंच करपतं. दुधाच्या भांड्याच्या बुडाला साय करपावी तसं. हे करपलेलं तेल पुढं बारीक वाटा बुजवतं. म्हणून कष्टाच्या कामानंतर इंजिन एक-दोन मिनिटं मंद चालू ठेवा आणि मग बंद करा. पण अर्धा-अर्धा तास उगाच चालूही ठेवू नका. त्यात डिझेल जातं आणि काजळी साचते.

धुराची भाषा ओळखा

काळा धूर आणि जोर कमी: हवा कमी पडते आहे. एअर फिल्टर तुंबला असेल किंवा टर्बो ते इंजिन यामधली नळी फाटली अगर निसटली असेल. चढावर 'सूं' किंवा 'फुस्स' असा नवा आवाज येत असेल, तर नळीच पाहा. थोडक्या खर्चाचं काम असतं आणि पुष्कळदा टर्बोवर नाहक आळ येतो.

निळसर धूर आणि तेल कमी होणं: तेल जळतं आहे. टर्बोची सील गेली असेल किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील. नळीच्या आत तेलाचा पुसटसा थर असणं नेहमीचं आहे. तेल साचून ओघळत असेल, तर मात्र गाडी थांबवा.

किणकिण, घासल्याचा किंवा भोंग्यासारखा चढता आवाज: दांड्याचा तोल गेला आहे. त्याच दिवशी दाखवा.

टर्बो बदलायची वेळ आलीच, तर "आधीचा का गेला?" हे मेस्त्रीला विचारल्याशिवाय नवा बसवू देऊ नका. तेलाची बारीक नळी तुंबलेली राहिली, तर नवाही त्याच वाटेनं जातो. जुन्याचे तुटलेले तुकडे इंटरकूलरमध्ये राहिले, तर ते इंजिनात जातात. आधी वाट साफ, मग नवा नग.

इंजिन सुसाट सुटलं तर

हे क्वचित होतं, पण माहीत असलेलं बरं. टर्बोची सील पार फुटली, तर इंजिनाचं तेल हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये जातं आणि डिझेलसारखं जळतं. मग पाय काढला तरी फेरे वाढत जातात, किल्ली बंद केली तरी इंजिन थांबत नाही. कारण डिझेल बंद झालं तरी तेल चालू असतं.

गाडीत असाल आणि समोर कुणी नसेल, तर ब्रेक पूर्ण दाबून धरा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. ओझ्यानं इंजिन दबून बंद पडतं. हे जमलं नाही, तर गाडीजवळची माणसं, विशेषतः पोरंबाळं, लांब न्या. इंजिनाचे तुकडे उडू शकतात. हवेच्या वाटेवर हात कधीही लावू नका. गाडीपेक्षा माणूस मोलाचा.

पंप वाढवायच्या भानगडीत पडू नका

"पंप वाढवून देतो, गाडी उडेल," असं सांगणारे भेटतात. कुणी वेस्टगेटची दांडी आवळून बूस्ट वाढवतो, कुणी संगणकात फेरफार करतो, कुणी भंगारातला टर्बो जुन्या बिनटर्बोच्या इंजिनाला जोडून देतो. वर सांगितलेला हिशेब आठवा. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं, तर काळा धूर होतो आणि धुराची उष्णता वाढून टर्बो आणि पिस्टन भाजतात. दाब वाढवला, तर हेड गॅस्केट, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांच्यावर नेमून दिल्यापेक्षा जास्त भार येतो. टर्बोच्या इंजिनाचे पिस्टन आणि त्यांना थंड ठेवण्याची सोय मुळातच त्या बेतानं केलेली असते. जुन्या इंजिनात ती नसते. चार दिवस गाडी पळते, पाचव्या दिवशी इंजिन उघडावं लागतं.

थोडक्यात लक्षात ठेवा

1. टर्बो जोर देत नाही, हवा देतो. हवा तुंबली की जोर गेला.
2. जोर यायला एखाद-दोन सेकंद लागतात. गिअर आधी बदला, मग गाडी ओलांडा.
3. घाटात इंजिन रडवू नका. खालचा गिअर घ्या.
4. ऑईल आणि ऑईल फिल्टर वेळेवर बदला.
5. धुळीच्या हंगामात एअर फिल्टर वारंवार पाहा.
6. सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट, कष्टाच्या कामानंतर बंद करण्याआधी एक-दोन मिनिटं थांबा.
7. नवा टर्बो बसवण्याआधी जुना का गेला ते शोधा.

बैलाला कामावरून आल्या आल्या आपण गार पाणी पाजत नाही. घटकाभर उभा करतो, अंगावरून हात फिरवतो, मग पाणी दाखवतो. ही रीत आपल्याला कुणी शिकवावी लागली नाही. इंजिनालाही तेवढीच दोन मिनिटं द्या. हंगामभर ते तुमच्या मालासाठी उभं राहील.